दुसऱ्यांची फुरसत

असरची नमाज आटोपते तेव्हा
बंदरामागच्या गल्लीतला ओटा तापलेलाच असतो अजून.
तरी माणसं बसतात.
पोळलं की थोडं सरकून बसतात.
बराझा म्हणतात इथे, झांझिबारात, या ओट्याला.
जणू घर स्वतःच उंबऱ्याबाहेर येऊन
उकिडवं बसलंय, काय चाललंय बघायला.

मी कॉफीवाला.
एका हातात निखाऱ्यावरची पितळी सुरई,
दुसऱ्यात बिनकानाचे कप, एकमेकांवर वाजवत येतो.
तो आवाज आला की
वुआई दुकानाचं अर्धं दार ओढून घेतो,
हमादी गिऱ्हाइकाला सांगतो, खिळे उद्या.
यांची फुरसत हा माझा धंदा.
चार तासांत मी एकदाही बसत नाही.

पाटाला बत्तीस खळगे, चौसष्ट सागरगोटे,
राखाडी, तीन पिढ्यांच्या घामानं तुकतुकीत.
एक खळगा चौकोनी, त्याला म्हणायचं घर.
बाओ तसा सोपा नाही.
समोरच्याचे गोटे खायचे, पण गिळायचे नाहीत;
खाल्लेलं आपल्या ओळीत एकेक पेरावं लागतं.
कस्टमच्या साहेबांना हा नियम कळलेला नाही,
असं हमादी दर आठवड्याला म्हणतो
आणि दर आठवड्याला आम्ही हसतो.

रमजाननंतर मकामे निवृत्त झाला.
चौतीस वर्षं फेरीबोटीची तिकिटं फाडली त्यानं.
पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला
आणि उभाच राहिला.
"इथे काय करायचं असतं?"
"काही नाही."
"आणि ते कधी संपतं?"
दर पाच मिनिटांनी मनगटाकडे बघायचा,
चारची सुटली, असं पुटपुटायचा
आणि खरंच तेव्हा भोंगा वाजायचा.
बसायला शिकायला त्याला दीड महिना लागला.
आधी टेकला. मग रेलला.
मग एका गुरुवारी चपला काढून पाय वर घेतले,
तर वुआईनं काही न बोलता
स्वतःचा कप त्याच्यापुढे सरकवला.

हे सगळं रस्त्याकडचं.
भिंतीच्या आत कुणाला कधी सवड मिळते
मला ठाऊक नाही.
मी तरी कुठे विचारलं होतं?

त्या मंगळवारी वुआई अडकला.
मुठीत गोटे, कपाळावर घाम, हात हवेतच.
वरच्या खिडकीच्या जाळीतून आवाज आला:
"घर फोड. डावीकडून."
बि झुहुरा. नारळ खवत होती,
खवणी थांबलीसुद्धा नव्हती.

गल्ली गप्प.
कुणीतरी खाकरलं.
वुआईनं वर बघितलं नाही. घर फोडलं. डावीकडून.
पेरत गेला, खात गेला, पुन्हा पेरत गेला,
हमादीची आतली ओळ रिकामी होईपर्यंत.

"कधीपासून बघतेस तू?"
मकामेनं विचारलं, तिकीट तपासावं तसं.
"लग्न होऊन आले तेव्हापासून.
एकेचाळीस वर्षं.
बोलायला सवड कुठे होती?"

दुसऱ्या दिवशी वरून दोरीला टोपली उतरली.
आत एक नोट, चौघडी केलेली,
आणि पीठ लागलेली.
मी आलं जरा जास्त घातलेला कप ठेवला.
टोपली डुलत, सांडत, वर गेली.
खवणीचा आवाज थांबला.

तो थांबला तेवढा वेळ
खाली कुणी चाल केली नाही.
मीही, खोटं कशाला सांगू,
सुरई खाली ठेवली
आणि ओट्याच्या कडेला टेकलो.
पोळत होता.
थोडा सरकून बसलो.